पाणी हिरवं झालं, तर खाणारे कुठे गेले? (प्रश्न देवगडच्या किनाऱ्यावरचा, विचारणारी बडोद्याची)

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. माझं माहेर देवगड, सासर बडोदं. जानेवारीत लेकीला घेऊन आईकडे गेले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी समुद्र पाहिला तर पाणी हिरवं. नेहमीचा हिरवट-निळा रंग नव्हे, पालकाच्या पातळ भाजीसारखं दाट हिरवं, पट्ट्यापट्ट्यांनी. रात्री त्याच पाण्यात लाट फुटली की निळा उजेड पसरायचा. ओल्या वाळूवर पाय ठेवला तरी पावलाभोवती ठिणग्या. लेक तासभर हलली नाही तिथून.

चुलतभाऊ होडीवर जातो. तो म्हणाला, या पाण्यात जाळं टाकण्यात अर्थ नाही, जाळं बुळबुळीत होतं आणि मासा दूर जातो. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं तर भिजवलेल्या साबुदाण्याचा अगदी बारीक चुरा तरंगावा तसे दाणे दिसले.

लेक आठवीत आहे. पुस्तकात अन्नसाखळी आहे: सूक्ष्म शैवाल, ते खाणारे प्राणीप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी), त्यांना खाणारे छोटे मासे. तिनं विचारलं, "आई, इतकं खायला पडलंय, तर खाणारे कुठे गेले? संपवून का टाकत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही. बाटलीत पाणी भरून बडोद्याला आणलं, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू म्हटलं. पोचेपर्यंत पाण्याला असा वास सुटला होता की बाटली अंगणातच उघडावी लागली, आणि आत साबुदाणा नव्हता, नुसता गाळ.

इथं प्राणिशास्त्रातली जाणती मंडळी आहेत. कृपया सविस्तर सांगा, घाई नाही.

---

कारेलीबाग

वाचतेय. माझ्या मुलालाही हाच धडा आहे. आमचाही एक प्रश्न आहे, पण आधी ताईंना उत्तर मिळू दे.

---

प्लवकसंग्रह

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न मला फार आवडला. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण अन्नसाखळीच्या आकृतीकडे बघून "मग संपत का नाही" असं विचारणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आधी तुमच्या साबुदाण्याबद्दल. वर्णनावरून तो नॉक्टिल्युका सिंटिलान्स असणार. एकच पेशी, पण अर्धा-एक मिलिमीटरपर्यंत वाढते, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसते. आतली मोठी पोकळी अमोनियम असलेल्या हलक्या द्रवानं भरलेली असते, त्यामुळे ती तरंगते. पेशी फुटली की तो अमोनिया पाण्यात उतरतो. तुमच्या बाटलीत बंद पाण्यात सगळ्या पेशी मेल्या, सडल्या, असलेला प्राणवायू संपला. वासाचं कारण ते.

आणि आता खरी गंमत. नॉक्टिल्युका हे शैवाल नव्हेच, ती स्वतः खाणारी आहे! तिला एक सोंडेसारखा धागा असतो, त्याला चिकट स्राव. त्यावर डायाटम (मराठी पुस्तकांतली करंडक वनस्पती) चिकटतात आणि ती ते गिळते. कोपेपॉडची अंडी, माशांची अंडीसुद्धा गिळते. मग हिरवा रंग कुठून आला? अरबी समुद्रात हिवाळ्यात जी नॉक्टिल्युका माजते तिच्या पोटातल्या पोकळीत हजारो बारीक हिरव्या शैवालपेशी जिवंत पोहत असतात. त्या उन्हात अन्न तयार करतात आणि यजमानिणीला देतात. म्हणजे ती शेती करते आणि शिकारही करते. समशीतोष्ण समुद्रांत तिचं दुसरं रूप सापडतं, त्यात हिरवे पाहुणे नसतात, तिथं पाणी लालसर-नारिंगी दिसतं आणि ती निव्वळ खाऊन जगते.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाचा पहिला भाग असा: खाणारे कुठे गेले? एक खाणारी तिच्या पेल्यातच होती.

दुसरा भाग हिशेबाचा. आधी साधं शैवाल घेऊ, म्हणजे डायाटम. पाणी खतावलेलं, ऊन भरपूर, तर एक पेशी दिवसातून एकदा सहज दुभंगते, काही जाती दोनदाही. रोज दुप्पट धरली आणि कुणीच खाल्लं नाही, तर १४ दिवसांत एका पेशीच्या १६,३८४ होतील. आता खाणारा बघा. समुद्रातला सर्वांत ओळखीचा प्राणीप्लवक म्हणजे कोपेपॉड, तांदळाच्या कणीहून लहान असा कवचधारी. अंड्यातून निघाल्यावर पिल्लाच्या सहा अवस्था, मग दुसऱ्या रूपाच्या सहा, त्यांतली शेवटची प्रौढ. प्रत्येक पायरीवर कात टाकायची. उबदार पाण्यातही अंड्यापासून प्रौढापर्यंत जायला एक ते तीन आठवडे लागतात. शैवाल वाढायला लागलं त्या दिवशी जेवढे कोपेपॉड हजर असतील तेवढेच खाणार. त्यांची पुढची पिढी पंगतीला येईपर्यंत निम्मी पंगत उठलेली असते.

उरलेलं उद्या. डोळे थकतात हल्ली.

---

काचेचंतळं

सरांच्या हिशेबाला माझ्या घरचा दाखला देतो. मी अलकापुरीत राहतो, घरी समुद्री माशांची टाकी आहे. पिल्लांना द्यायला कोपेपॉड वाढवतो, आणि कोपेपॉडना द्यायला शैवाल. वीस लिटरच्या बरणीत थोडे कोपेपॉड सोडले की पहिले आठ-दहा दिवस बरणी हिरवी गडद होत जाते. सुरुवातीला वाटायचं, यांना हे शैवाल आवडत नाही. मग एका रात्रीत पाणी स्वच्छ होतं, इतकं की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. नंतर दोन दिवसांत उपाशी कोपेपॉड मरायला लागतात.

एकदा चूक केली. शैवाल जास्त असेल तर बरंच, म्हणून दाट हिरवं पाणी ओतलं. रात्रभरात पूर्ण बरणी मेली. अंधारात शैवालही श्वास घेतं, प्राणवायू सगळा तेच वापरून बसलं. भरल्या ताटापुढे माणूस गुदमरावा तसं झालं ते. मला फार वाईट वाटलं होतं, चार महिन्यांची जोपासना होती.

---

प्लवकसंग्रह

वा, बरणीचं उदाहरण मी वर्गात वापरायला हवं होतं.

काल राहिलेलं सांगतो: कोपेपॉड खातो कसा. आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात लिहिलेलं असायचं की त्याच्या तोंडाजवळच्या केसाळ अवयवांची चाळणी असते, पाणी गाळलं जातं आणि शैवाल अडकतं. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवलं. पण १९८० च्या सुमारास कोपेपॉडला बारीक केसानं चिकटवून, अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं गेलं. कोल आणि स्ट्रिकलर यांचा १९८१ चा निबंध त्यातला गाजलेला. त्यात दिसलं की चाळणीबिळणी काही नाही. एवढ्या लहान जिवाला पाणी मधासारखं घट्ट लागतं. केसांच्या फटींतून ते वाहतच नाही, हाताचा पंजा मधात फिरवला तर बोटांमधून मध निघत नाही तसं. कोपेपॉड पायांनी हलका प्रवाह करतो, एखादी शैवालपेशी जवळ आली की तिचा वास त्याला आधीच लागतो. मग तो दोन अवयव झटकन उघडतो, पेशीसकट पाण्याचा एक थेंब आत ओढतो आणि मिटतो. एकेक पेशी वेचून. नको असेल तर सोडून देतो.

हे कळल्यावर सगळं चित्र बदललं. जो वेचतो तो निवडतोही. म्हणून बहरात, म्हणजे शैवाल असं माजतं तेव्हा, काय आहे याला महत्त्व आलं, नुसतं किती आहे याला नाही.

डायाटमभोवती सिलिकाची म्हणजे काचेच्या जातीची डबी असते. ती फोडायला कोपेपॉडच्या जबड्यांच्या दातांनाही सिलिकाचं टोपण असतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शक काढून खात्री करायला बसलो होतो. आणि आसपास खाणारे असतील तर काही डायाटम आपली डबी आणखी जाड करतात. साखळी करून राहणारे काही डायाटम साखळी तोडून सुटे होतात, म्हणजे मोठ्या खाणाऱ्याच्या नजरेत, खरं तर प्रवाहात, कमी येतात.

---

दांडियाबाजार

सर, हे वाचून दाखवलं तर लेक म्हणाली, "म्हणजे शैवालाला कळतं की खाणारा आलाय?" कळतं का खरंच?

---

प्लवकसंग्रह

कळतं म्हणजे आपल्यासारखं नव्हे, पण रासायनिक चाहूल लागते. कोपेपॉडच्या अंगातून काही मेदयुक्त द्रव्यं पाण्यात सुटतात, त्यांना कोपेपॉडामाइड नाव दिलंय. ती ओळखली जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, २०१५ च्या आसपासचं काम. अलेक्झांड्रियम नावाच्या डायनोफ्लॅजेलेटला (धाग्यासारख्या शेपटीनं पोहणारा एकपेशीय जीव) या द्रव्यांचा लवलेश लागला तरी त्याच्यात विष जास्त बनतं. हेच ते विष जे शिंपल्यांत साठतं आणि माणसाला लकवा आणू शकतं. काही चमकणाऱ्या जाती याच चाहुलीनं जास्त चमकायला लागतात.

आता तुमच्या निळ्या उजेडाकडे. त्याची दोन कारणं सांगतात. एक, अंगाला स्पर्श होताच चमक मारली की कोपेपॉड दचकून लांब उडी मारतो. दुसरं, चमक पाहून कोपेपॉडला खाणारा मासा तिकडे वळतो. चोर घरात शिरला म्हणून आरडाओरडा करून गाव गोळा करावं, तसं. ही दुसरी कल्पना १९४३ सालापासून मांडली गेली आहे, आणि प्रयोगांत तिला आधारही मिळाला आहे.

---

मांडवी

माहिती उत्तम आहे, पण मला एक खटकतंय. सगळी चर्चा खाणाऱ्यांवर चाललीय. बातम्यांत तर सांडपाणी आणि खतं समुद्रात गेल्यामुळे असा बहर येतो असं सांगतात. मग मूळ कारण बाजूला ठेवून आपण कोपेपॉड उशिरा आले म्हणून त्यांच्यावर खापर का फोडतोय?

---

खाडीकाठ

मांडवीदादा, तुमचा मुद्दा रास्त आहे. मी काही वर्षं संशोधन जहाजावर काम केलंय, आता सुभानपुऱ्यात स्थायिक. दोन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

खाडी, बंदर, शहराजवळचा किनारा इथं सांडपाण्याचं नायट्रोजन-फॉस्फरस नक्कीच बहर वाढवतं. पण उत्तर अरबी समुद्राला हिवाळ्यात खत घालायला माणूस लागत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी जमिनीकडून कोरडे, गार ईशान्य वारे येतात. वरचं पाणी थंड होतं, बाष्प होऊन खारट होतं, म्हणून जड होऊन खाली बसतं आणि खालचं नायट्रेटयुक्त पाणी वर येतं. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही यंत्रणा दाखवली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं काम ते. त्यावर पूर्वी मुख्यतः डायाटम माजायचे. गेल्या काही दशकांत हिरव्या नॉक्टिल्युकानं ती जागा बऱ्याच प्रमाणात घेतली. का घेतली, यावर वाद आहे. २०१४ च्या एका निबंधात खालून कमी प्राणवायूचं पाणी वर येतं आणि ते तिच्या आतल्या हिरव्या पेशींना मानवतं, असं मांडलं. २०१८ मध्ये हैदराबादच्या महासागर माहिती केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मोजमापं दाखवून म्हटलं की बहराच्या जागी वरच्या पाण्यात प्राणवायू चांगला होता. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते, कारण मी पाहिलेल्या बहरांत वरच्या थरात प्राणवायू भरपूर असायचा. पण मी पाहिलं तेवढा समुद्र म्हणजे सगळा समुद्र नाही.

आता खाणाऱ्यांबद्दल एक गोष्ट सरांकडून सांगायची राहिली. समुद्रातलं सर्वांत मोठं खाणारं कोपेपॉड नाही. ते आहेत त्याहून कितीतरी लहान एकपेशीय जीव: सिलिएट (अंगावरच्या बारीक केसांनी पोहणारे), शिकारी डायनोफ्लॅजेलेट, चाबकासारखे धागे हलवणारे बारीक पेशीजीव. जगभरच्या मोजमापांची सरासरी काढली तर रोज जितकं वनस्पतीप्लवक, म्हणजे तरंगतं शैवाल, वाढतं त्यातलं साधारण ६० ते ७० टक्के हे सूक्ष्म खाणारे फस्त करतात. कोपेपॉडसारख्या मोठ्यांचा वाटा खुल्या समुद्रात १०-१२ टक्क्यांच्या आसपास. हे सूक्ष्म जीव स्वतःही दिवसाला एकदा दुभंगू शकतात, म्हणजे शैवालाच्या वेगानं धावतात. त्यामुळे एरवी समुद्र निळा दिसतो. निळ्या पाण्यातही शैवाल रोज वाढत असतं, फक्त रोजच्या रोज खाल्लं जात असतं!

बहर तेव्हाच येतो जेव्हा एखादी जात या सूक्ष्म खाणाऱ्यांच्या तोंडात मावत नाही. मोठी असते, साखळीत असते, काटेरी असते, विषारी असते. ती सुटते, आणि मोठ्या खाणाऱ्यांची पिढी अजून तयार नसते. लेकीला सांगा, बहर म्हणजे खाणारे नसणं नाही. हजर असलेल्या खाणाऱ्यांना जे खाता येत नाही ते साचणं म्हणजे बहर.

---

कारेलीबाग

हे शेवटचं वाक्य मी मुलाच्या वहीत लिहून दिलं. पण हे टक्के मोजतात कसे? सिलिएटचं पोट उघडून तर बघता येत नाही ना.

---

खाडीकाठ

फार सुंदर पद्धत आहे, १९८२ मध्ये लँड्री आणि हॅसेट यांनी मांडली. पोट उघडत नाहीत, पाणी पातळ करतात.

समुद्राचं पाणी घ्यायचं. त्यातलं काही अतिबारीक गाळणीतून गाळायचं, म्हणजे त्यात ना शैवाल ना खाणारे. मग बाटल्या भरायच्या: एकीत पूर्ण मूळ पाणी, एकीत पाऊण, एकीत निम्मं, एकीत पाव, बाकी गाळलेलं. चोवीस तास उजेडात, समुद्राच्याच तापमानाला ठेवायच्या. शैवालाची प्रत्येक पेशी आपल्या वेगानं दुभंगत राहते, पाणी पातळ केल्यानं तिला फरक पडत नाही. खताची टंचाई होऊ नये म्हणून थोडं घालतात. पण खाणारा आणि खाद्य यांची गाठ पडणं पातळ पाण्यात कमी होतं. म्हणून जितकं पातळ, तितकी शैवालाची निव्वळ वाढ जास्त दिसते. सगळ्या बाटल्यांचं हरितद्रव्य मोजून आलेखावर ठिपके मांडले की तिरकी रेघ येते. रेघ किती उतरते ते खाण्याचा वेग सांगतं, आणि ती अक्षाला जिथं भिडते तो शैवालाचा मूळ वेग.

पहाटे तीनला हलत्या जहाजावर, लाल मंद दिव्यात, नळीतून हळू पाणी सोडायचं. बुडबुडा आला तरी नाजूक सिलिएट फुटतात. सगळी बाटली वाया. ओतताना श्वास रोखून धरायची सवय मला अजून आहे, घरी दूध ओततानाही.

याच कामातून अरबी समुद्राचं एक कोडं सुटायला मदत झाली. १९९० च्या दशकात मोजलं तेव्हा दिसलं की शैवाल ऋतूप्रमाणे चढउतार करतं, पण वरच्या थरातलं प्राणीप्लवकांचं वजन वर्षभर जवळपास सारखंच. दुष्काळात हे जगतात कशावर? तर शैवाल कमी असतं तेव्हा जिवाणू आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव यांची साखळी चालू राहते, आणि कोपेपॉड त्यांच्यावर निभावतात.

---

मांडवी

मान्य. माझा खापराचा शब्द मागे घेतो.

---

कारेलीबाग

आता आमचा प्रश्न. श्रावणात आम्ही कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेलो होतो, भरतीत देऊळ बुडतं ते बघायला. आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र तोच. पाणी पार चहाच्या रंगाचं. मही नदी एवढं शेतांचं खत घेऊन येते, मग तिथं हिरवा बहर का नाही?

---

प्लवकसंग्रह

गाळामुळे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्यांपैकी, भावनगरकडे दहा मीटरच्या आसपास जातो. रोज दोनदा एवढं पाणी आतबाहेर धावतं, तळ ढवळून निघतो, त्यात नद्यांचा गाळ. ऊन पाण्यात फार खाली उतरतच नाही. शैवालाला खत आहे, पण उजेड नाही. मुदपाकखान्यात शिधा भरलेला आणि चूल पेटत नाही, अशी अवस्था. खाणारे मात्र तिथंही आहेत. गाळाबरोबरचे कुजके कण, त्यांवरचे जिवाणू, थोडंफार शैवाल यांवर जगणारे कोपेपॉड असतात, आणि आपला जवळा. जवळा हासुद्धा तरंगत्या जिवांतच मोडतो बरं का. तो प्लवक खातो, त्याला बोंबील खातो, आणि बोंबील आपण.

---

सयाजीवाचक

थोडं विषयांतर, पण बडोद्याच्या लोकांना आवडेल. द्वारकेकडचं ओखामंडळ पूर्वी बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल यांनी तिथल्या किनाऱ्यावरचे सागरी जीव गोळा केले आणि बडोदे सरकारला सादर केलेला अहवाल दोन भागांत छापला गेला, १९०९ आणि १९१६ मध्ये. समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्या गावानं स्पंज आणि शिंपल्यांवर शास्त्रीय ग्रंथ काढले होते, याचा मला फार अभिमान वाटतो. हेच हॉर्नेल मद्रासच्या मत्स्य खात्यात होते, आणि १९१७ मध्ये त्यांनी मलबार किनाऱ्यावर सूक्ष्म जिवांच्या बहरामुळे मासे मरतात त्यावर लिहिलं. तारलीच्या पोटात काय सापडतं, प्लवक आणि तारली यांचा संबंध काय, यावरही त्यांचं काम आहे.

---

दांडियाबाजार

अहो, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं! सर्वांचे मनापासून आभार. लेकीनं दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचायला लावला.

एक विचारायचं राहिलं. शेवटी ते हिरवं पाणी गेलं कुठे? भावाचा फोन आला, नवव्या दिवशी पाणी निवळलं. आणि त्या दिवशी जाळ्यात काचेसारखे मऊ गोळे आले, बोटाच्या पेराएवढे, काही माळेत ओवल्यासारखे एकमेकांना जोडलेले. डंख नाही. त्यांनी ते पाण्यात परत टाकले.

---

खाडीकाठ

माळेत? डंख नाही? मग ते जेलीफिश नसून साल्प असण्याची शक्यता मोठी. नॉक्टिल्युका बहुतेक कोपेपॉडच्या आवाक्याबाहेरची, पण साल्प आणि जेलीफिश तिला खातात. साल्प पिंपासारखा पोकळ असतो, एका टोकानं पाणी घेतो, आतल्या चिकट जाळीत सगळं अडकवतो, दुसऱ्या टोकानं सोडतो. निवडत बसत नाही. शिवाय खाणं मिळालं की स्वतःच्याच कळ्या फोडून माळ तयार करतो, म्हणून त्याची संख्या भराभर वाढते. त्याची विष्ठा जड गोळ्यांची, दिवसाला शेकडो मीटर खाली जाते. पण सगळं साल्पांनीच खाल्लं असं समजू नका. वारा बदलतो, खत संपतं, पेशी फुटतात, जिवाणू उरलेलं संपवतात.

भावाला विचारा, गोळ्याच्या एका टोकाला गडद ठिपका होता का? ते त्याचं आतडं. पुढच्या वेळी पाणी आणाल तेव्हा बाटली काठोकाठ भरू नका, आणि नमुना टिकवायला शाळेच्या प्रयोगशाळेतून ल्युगोलचं आयोडीन मागून घ्या, चहाच्या फिक्या रंगाइतकं घालायचं. फॉर्मलिन मुलांच्या हाती अजिबात देऊ नका.

---

दांडियाबाजार

भावानं एक फोटो काढून ठेवला होता, आत्ता आला. प्रत्येक गोळ्यात मोहरीएवढा ठिपका आहे. लेकीनं फोटो मोठा करून पाहिला, ठिपका हिरवट आहे. तिनं वहीतल्या अन्नसाखळीत नॉक्टिल्युका दोन ठिकाणी काढलीय, एकदा शैवालाच्या रांगेत आणि एकदा खाणाऱ्यांच्या, आणि दोन्हींच्या पुढे साल्पची माळ. बाईंना सोमवारी दाखवणार आहे.